पडदा काळा राहिला, तर आधी कर्नलला विचारा

लिनक्सच्या लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर लागेना, की आपण केबल बदलतो, मग दुसऱ्याची केबल मागून आणतो आणि शेवटी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकायला बसतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, काहीही काढण्या-टाकण्याआधी कर्नलला ते पोर्ट दिसतंय का ते बघा. निम्मा घोळ तिथेच सुटतो.

माझ्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स दोन आहेत, एक प्रोसेसरमधलंच आणि दुसरं स्वतंत्र कार्ड. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा पहिल्यावर चालतो, पण एचडीएमआयचं पोर्ट दुसऱ्याला जोडलेलं आहे. अशी रचना बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते आणि बाहेरून तिचा पत्ता लागत नाही. अपडेटसोबत नवं कर्नल आलं, लॅपटॉप नेहमीसारखा सुरू झाला आणि वर्गात प्रोजेक्टर लावला तर ‘नो सिग्नल’. मुलं समोर बसलेली. ‘सर, माझी केबल लावून बघा,’ म्हणून एकानं केबल दिली, तरी तेच.

टर्मिनल उघडून ‘सिस’खालच्या ‘क्लास’मधल्या ‘डीआरएम’ फोल्डरची यादी काढली. तिथे प्रत्येक पोर्टाच्या नावाचं एक फोल्डर असतं. लॅपटॉपच्या पडद्याचं होतं, एचडीएमआयचं नव्हतंच. म्हणजे केबलचा प्रश्नच नव्हता. स्वतंत्र कार्डाचा ड्रायव्हरच चढला नव्हता. हा ड्रायव्हर कर्नलसोबत येत नाही. प्रत्येक नव्या कर्नलसाठी त्याचं मोड्यूल नव्यानं बांधावं लागतं. ते काम डीकेएमएस आपोआप करतं, पण त्याला त्याच आवृत्तीच्या कर्नल हेडर्स लागतात. माझ्याकडे नव्या कर्नलच्या हेडर्स आल्या नव्हत्या. त्या टाकल्या, मोड्यूल बांधलं गेलं, पोर्ट परत आलं.

पोर्टाचं फोल्डर असेल, तर त्यातली ‘स्टेटस’ फाइल वाचा. ‘डिसकनेक्टेड’ असेल तर खुशाल केबल आणि कन्व्हर्टरवर संशय घ्या. टाइप-सी असेल तर आणखी एक बघा. प्रत्येक टाइप-सी पोर्टातून चित्र जात नाही. त्यासाठी पोर्टात डिस्प्लेपोर्टची सोय असावी लागते, आणि ती नसेल तर कुठलीही कमांड कामाची नाही. ‘कनेक्टेड’ असूनही चित्र फक्त १०२४ बाय ७६८ एवढंच मिळत असेल, तर शेजारची ‘ईडीआयडी’ उघडा. मॉनिटर आपली ओळख १२८ बाइटांच्या तुकड्यांत सांगतो. तिथे काहीच नसेल, तर ती वाटेतच अडली, बहुधा स्वस्तातल्या कन्व्हर्टरमध्ये.

मोड्यूल बांधलेलं आहे तरी चढत नाही, असंही होतं. हातानं चढवायला गेलात आणि ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर आलं, तर सिक्युअर बूट आडवं आलंय. मोड्यूलवरची सही मशीनच्या ओळखीची नाही. घाईत सिक्युअर बूट बंद करू नका. त्याऐवजी त्या सहीची किल्ली मशीनकडे नोंदवा. ती नोंदवायला सांगितली, की पुढच्या वेळी सुरू होताना एक निळा पडदा येतो आणि ‘कोणतीही कळ दाबा’ म्हणतो. तो जेमतेम दहा सेकंद थांबतो. तेवढ्यात कळ दाबून ‘एनरोल एमओके’ निवडायचं आणि नोंदवायला सांगताना ठरवलेला पासवर्ड द्यायचा. तो पडदा हुकला, तर किल्ली पुन्हा नोंदवायला टाकावी लागते. पुष्कळ जण नेमके इथेच अडकतात आणि ड्रायव्हरलाच दोष देतात.

समोर श्रोते बसलेले असताना यातलं काही करायची गरज नाही. लॅपटॉप पुन्हा सुरू करा, ग्रबच्या यादीत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा आणि आधीचं कर्नल निवडा. त्याचं मोड्यूल सहसा जागेवर असतं, प्रोजेक्टर लागतो. म्हणूनच डिस्कवर जागा कमी पडली तरी जुनं कर्नल काढून टाकू नका. आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी अपडेट घेतलंच, तर घरीच रीस्टार्ट करून टीव्हीला एचडीएमआय लावून बघा.