एक चाप, किती गोळ्या?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला बंदुकीच्या कायद्याशी काय कर्तव्य, असे आपण विचाराल. कलघटगी तालुक्यात माझ्या काकांचे शेत आहे. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी त्यांच्याजवळ परवान्याची एकनळी बंदूक आहे. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करावी लागते. “डुकरांना कुठली आचारसंहिता?” असे काका विचारतात. त्यांना उत्तर देता यावे म्हणून मी हा कायदा वाचला.

काकांना परवाना जिल्हाधिकाऱ्यांनी दिला. परंतु चाप सोडेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत जी गोळ्या झाडीतच राहते, ती स्वयंचलित बंदूक १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने निषिद्ध ठरविली आहे. केंद्र सरकारच्या खास परवानगीवाचून ती बाळगता येत नाही. अर्धस्वयंचलित बंदूक पुढची गोळी आपोआप भरते, पण प्रत्येक गोळीस चाप नव्याने दाबावा लागतो. काही पिस्तुले वगळता २०१६ च्या नियमांनी तिचाही परवाना केंद्राच्याच हाती ठेवला आहे.

असा भेद का? काकांची बंदूक एका बारानंतर पुन्हा भरावी लागते. तेवढ्या वेळात समोरच्याला पळता येते, झाडणाऱ्याचा रागही ओसरू शकतो. स्वयंचलित बंदूक ही सवड देत नाही.

१२ मार्च १९९३ च्या मुंबई बाँबस्फोटांत २५७ माणसे मेली. त्या खटल्यात अभिनेते संजय दत्त कटाच्या आरोपातून सुटले. पण एके-५६ रायफल बाळगल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्यांना पाच वर्षांची शिक्षा दिली. कीर्ती पाहून कायदा नरमला नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा गुन्ह्यास सात ते चौदा वर्षांची कैद ठेवली आहे.

मात्र दुसरी बाजूही आपल्याच मुलखातली आहे. १८५७ मध्ये इंग्रजांनी निःशस्त्रीकरणाचा कायदा आणला, तेव्हा मुधोळ संस्थानातील हलगलीचे बेड शस्त्रे देईनात. त्यांचे बंड चिरडले गेले. तो कायदा प्रजेच्या भीतीपोटी झाला होता. आजचा कायदा प्रजेच्या रक्षणासाठी आहे. म्हणूनच राखणीची बंदूक आणि संहाराची बंदूक यांतला फरक त्याने अंमलातही पाळला पाहिजे.

हे सर्व ऐकून काका म्हणाले, “ठीक, पण माझ्या मक्याचे काय?” निवडणुकीच्या काळात जिल्ह्याची छाननी समिती कारण पाहून सूट देऊ शकते. या खेपेस काकांचा तसा अर्ज, कन्नडमधून, मीच लिहिणार आहे.