सगळं ज्ञान एका कोशात मावेल का?

प्रश्न : माणसाला आजवर जे जे कळलं, ते सगळं एका कोशात आणता येईल का? मराठीत कुणी असा प्रयत्न केला आहे का?
– एक वाचक, कुर्ला (पूर्व)

उत्तर : सगळं आणणं शक्य नाही; पण मराठीत झालेला प्रयत्न थक्क करणारा आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतले आणि त्यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चा ध्यास घेतला. त्यासाठी त्यांनी चक्क लिमिटेड कंपनी काढली, शेअर विकून भांडवल उभं केलं. 1920च्या दशकात कोशाचे 23 खंड निघाले. परक्या कोशाचं नुसतं भाषांतर त्यांना नको होतं. म्हणून पहिले पाच प्रस्तावनाखंड ‘हिंदुस्थान आणि जग’पासून ‘विज्ञानेतिहासा’पर्यंत मराठी वाचकाची बैठक पक्की करतात, अकारविल्हे नोंदी सुरू होतात त्या सहाव्या खंडापासून.

हे खंड निघत असतानाच, 3 फेब्रुवारी 1925 रोजी, बोरीबंदरहून तुमच्या कुर्ल्यापर्यंत देशातली पहिली विजेवरची लोकल धावली. त्याआधी छापून झालेल्या नोंदींत ती कुठून येणार? छापील कोशाची ही अडचण कुणालाच चुकलेली नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत उभारलेल्या ‘मराठी विश्वकोशा’चा पहिला खंड 1976 साली आला, विसावा 2015 साली. शेवटची अक्षरं छापून होईपर्यंत ‘अ’च्या नोंदी जवळपास चाळीस वर्षांच्या झाल्या होत्या.

मग एवढा खटाटोप कशासाठी? पदार्थविज्ञान असो वा वैद्यक, जाणकाराने तपासून लिहिलेली माहिती आपल्या भाषेत मिळाली, की इंग्रजी न येणाऱ्यालाही ज्ञानाचं दार उघडतं. कोशाची किंमत यात आहे, संपूर्णतेत नाही.

आज हे दोन्ही कोश इंटरनेटवर मोफत वाचता येतात आणि मराठी विकिपीडियावर तर कुणालाही लिहिता येतं. कुर्ल्याच्या गिरण्या, मिठी नदी, जुनी गावठाणं यांबद्दल तुमच्या भागातल्या वडीलधाऱ्यांना जे ठाऊक आहे, त्याला जुनी वर्तमानपत्रं आणि पुस्तकं यांतून आधार शोधा आणि एक तरी नोंद लिहा. केतकरांनी सुरू केलेलं काम पुढे न्यायची पाळी आता आपली आहे.