पाजणे आणि पाचवे शील

बौद्ध पद्धतीच्या विवाहात वधूवर त्रिशरण-पंचशील ग्रहण करतात. सायंकाळी वरसावे नाक्याजवळच्या एखाद्या हॉटेलात स्वागतसमारंभ होतो. तेथे प्रश्न निघतो: “आम्ही पीत नाही, पण पाहुण्यांचे काय?”

याचे उत्तर सुत्तनिपातातील धम्मिक सुत्तात आहे. गृहस्थाने स्वतः मद्य पिऊ नये, दुसऱ्यास पाजू नये आणि पिणाऱ्यास संमती देऊ नये, असे तेथे तिन्ही बाजूंनी सांगितले आहे. म्हणजे यजमान कोरडा राहिला, एवढ्याने शील पाळले जात नाही.

विनयपिटकातील सागत भिक्खूची कथा या संदर्भात अभ्यासण्यासारखी आहे. त्याने एका भयंकर नागाला नमविले. कौशांबीच्या उपासकांना कोण आनंद! त्यांनी घरोघरी मद्य तयार ठेवले. प्रत्येक घरी थोडे थोडे पीत सागत निघाला आणि नगराच्या वेशीशी कोसळला. नागाशी झुंजलेला हा भिक्खू आता दिवडाशी तरी झुंजू शकेल काय, असे भगवंतांनी विचारले. मद्यपानाविरुद्धचा विनयनियम या प्रसंगातून आला. लक्षात घ्या, पाजणारे वैरी नव्हते. त्यांनी प्रेमानेच पाजले होते.

आजचा सागत मोटार घेऊन येतो. वरसाव्याहून एक रस्ता खाडीपुलावरून वसईकडे, एक गायमुख घाटातून ठाण्याकडे, एक दहिसरकडे जातो. रात्री अवजड वाहनांतून त्याला घरी पोहोचायचे असते. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालविणे हा गुन्हा आहे. राज्य उत्पादन शुल्क खात्याचा एक दिवसाचा परवाना काढला म्हणजे समारंभ कायद्यात बसतो. शीलात बसत नाही. शिवाय ते बिल अनेकदा मुलीच्या बापाच्या माथी येते, आणि कर्ज काढून पाजण्यात कसली आली प्रतिष्ठा?

तेव्हा हॉटेल ठरवितानाच व्यवस्थापकास स्पष्ट सांगावे. वाहनतळावर गाडीची डिकी उघडून बाटल्या फिरतात, तिकडे दोन कार्यकर्ते ठेवावेत. जेवण लवकर वाढावे. रिकाम्या पोटी ताटकळणारे पाहुणेच बाहेर पडतात. मिरारोड स्थानकापर्यंत बस ठेवल्यास पुष्कळजण गाडी आणणारच नाहीत.

इतके करूनही कोणी पिऊन आलाच तर मंडपात त्याचा पाणउतारा करू नये. ज्याचा शब्द तो मानतो अशा मामाने किंवा काकाने त्याला बाजूस नेऊन जेवू घालावे, गाडीची किल्ली मागून घ्यावी आणि सोबत देऊन घरी पोहोचवावे.