अॅनोडाइज्ड पत्र्यावर लेसरचे अक्षर का बिघडते?



उसाच्या अंकात लेसरचे काय काम, असे काहींना वाटेल. पण आपल्यापैकीच काहींची मुले आता तालुक्याच्या गावी कर्ज काढून लेसर मशीन टाकताहेत. मोटारीच्या नेमप्लेटा, स्टार्टरच्या पेटीवरच्या पट्ट्या, दाराच्या पाट्या अशी जॉबची कामे ती करतात. त्यातले अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमचे काम दिसायला सोपे, पण बिघडले की पुरते बिघडते. शंभर प्लेटा पुसट उठल्या म्हणजे पत्राही गेला आणि गिऱ्हाईकही गेले. बँकेचा हप्ता मात्र तारखेला उभाच. म्हणून घरात किंवा भावकीत हा धंदा करणारा कोणी असेल, तर हा धडा त्याला वाचायला द्यावा.

आधी पत्रा समजून घेऊ. अॅल्युमिनियमचा पत्रा पातळ केलेल्या गंधकाम्लाच्या हौदात धन टोकाला जोडून वीज सोडली, की त्याच्या अंगावर ऑक्साइडचा कठीण थर तयार होतो. हा थर वरून फासलेला नसतो, पत्र्यातूनच उगवलेला असतो. त्याची जाडी साधारण ५ ते २५ मायक्रॉन; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यात पोळ्याच्या घरांसारखी बारीक उभी छिद्रे असतात. छिद्रांत रंग मुरवतात आणि मग उकळत्या पाण्यात पत्रा ठेवून छिद्रांची तोंडे मिटवतात.

आता या पत्र्यावर सीओटू लेसर काय करते? त्याच्या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. उघडे अॅल्युमिनियम हा किरण जवळजवळ सगळा परत फेकते, पण ऑक्साइडचा थर तो पिऊन घेतो. थर तापतो, छिद्रांतला रंग जळून उडतो, थराला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा पडतात आणि तेवढी जागा पांढरी दिसू लागते. आपण ‘कोरले’ म्हणतो खरे, पण नख फिरवून पाहा, खोली लागतच नाही. म्हणून ‘अक्षर खोल उठत नाही’ म्हणून पॉवर वाढवत बसणे व्यर्थ. धातू खणणे त्या किरणाच्या हातातच नाही.

आमच्या मते निम्म्याहून अधिक भानगडी मशीनच्या नसतातच, पत्र्याच्या असतात. खिडक्या-दारे बसवणाऱ्याकडून काळ्या किंवा ब्रॉन्झ सेक्शनचे तुकडे स्वस्तात मिळतात. मुले तेच आणतात आणि मग पांढरे अक्षर उठत नाही म्हणून डोके धरून बसतात. त्या सेक्शनचा रंग बहुधा कथिलाच्या क्षारात वीज सोडून आणलेला असतो; छिद्रांच्या तळाशी धातूचे कण बसलेले असतात. वर्षानुवर्षे उन्हात उडू नये म्हणूनच तो तसा केलेला. मग लेसरने तरी तो सहज कसा उडेल? नेमप्लेटीसाठी मुरवलेल्या रंगाचाच पत्रा घ्यावा आणि घेताना दुकानदाराला तसे स्पष्ट विचारावे.

पत्रा अॅनोडाइज्ड आहे की नुसताच पॉलिश केलेला, हे पाहायला मल्टीमीटर पुरतो. दोन्ही टोके पृष्ठभागावर हलकेच टेकवा. ऑक्साइड वीज वाहू देत नाही, त्यामुळे मीटर गप्प राहतो. उघडा पत्रा असेल तर लगेच बोलतो. टोक दाबू नका, दाबले की पातळ थर फुटतो आणि मीटर खोटे सांगतो. साध्या रंगावर किंवा पावडर कोटिंगवरही मीटर गप्पच राहतो, म्हणून कोपऱ्यात खिळ्याने ओरखडा काढून बघा. रंगाची साल निघते, ऑक्साइडची निघत नाही.

पत्रा बरोबर असूनही अक्षर फुगीर, कडा धूसर, असे झाले तर फोकस तपासा. सोपी रीत सांगतो. टाकाऊ पट्टीच्या एका टोकाखाली काडेपेटी ठेवून ती तिरकी करा आणि लांबीच्या दिशेने एक सरळ रेघ मारा. जिथे रेघ सर्वांत बारीक, तिथे नॉझलपासून पट्टीपर्यंतचे अंतर मोजा. तेच आपले अंतर. एकाच प्लेटीवर मधली अक्षरे चांगली आणि कडेची पुसट आली तर प्लेट वाकडी आहे. कातरीने कापलेला पत्रा कडेला वळतोच, तो सपाट करून घ्यावा.

कालपर्यंत झकास चालणारे काम आज फिके पडले, तर आधी भिंग आणि आरसे पाहा. गाळप हंगामात कारखान्याच्या आसपास बगॅसची भुकटी कुठे जात नाही? मशीन बंद करून भिंगाच्या कागदाने व आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसावे. धोतराचा सोगा चालणार नाही. उन्हाळ्यात नळीभोवतीचे पाणी तापले की किरणाचा जोर उतरतो. नुसत्या बादलीतल्या पाण्यावर मशीन चालवणाऱ्यांना हे दुपारी कळते. नळी जुनी होईल तसाही जोर घटतोच.

एवढे झाल्यावर मग पॉवरकडे वळावे. त्याच पत्र्याच्या तुकड्यावर चौकोनांचा तक्ता काढा: आडवी पॉवर २०, ३०, ४०, ५० टक्के आणि उभा वेग चार पायऱ्यांनी वाढवत. काळ्या पत्र्यावर तपकिरी-पिवळसर झाक राहिली तर रंग अर्धवट जळाला आहे. वेग थोडा कमी करा. खरखरीत, मळकट दिसले तर थर तडकला आहे; पॉवर उतरवा. भरीव अक्षरात आडवे पट्टे दिसले तर रेघांमधले अंतर किरणाच्या ठिपक्याशी जुळलेले नाही. ठिपका ०.१ मिलिमीटरचा असेल तर अंतरही त्याच्या जवळपास किंवा किंचित कमी हवे. नवा पत्रा आला की नवा तक्ता, मग रंग डोळ्यांना तोच का दिसेना.

फायबर लेसरची गोष्ट वेगळी. त्याचा किरण १.०६ मायक्रॉनचा, तो धातूपर्यंत पोचतो आणि थर उडवू शकतो. अक्षर चकचकीत येते, पण तिथले अॅल्युमिनियम उघडे पडते. ओल्या, खाऱ्या जागी ते आधी खराब होणार. पंपाच्या प्लेटीसाठी थर शाबूत ठेवणारी सौम्य सेटिंग शोधावी.

आणि एक कारखान्यातले. इव्हॅपोरेटर धुवायला कॉस्टिक सोडा वापरतात, तिथे अॅनोडाइज्ड प्लेट मागणारा आला तर त्याला स्टेनलेसची घ्यायला सांगा. कॉस्टिक हा थर विरघळवून टाकतो, अक्षर कितीही सुबक असो. चुन्याच्या निवळीजवळही तेच.

डोळ्यांचे शेवटी सांगतो, पण पाळायचे आधी. रंग उडालेली, चकाकणारी जागा किरण परत फेकते. सीओटूचा किरण अॅक्रिलिकच्या झाकणाला अडतो. फायबरचा साध्या काचेतून आणि पारदर्शक अॅक्रिलिकमधून आरपार जातो. त्याला त्याच तरंगलांबीचा चष्मा लागतो, बाजारातला गॉगल नव्हे. मशीन चालू असताना लहान मुलांना ‘बघ कशी ठिणगी उडते’ म्हणून जवळ उभे करू नये.