शेळ्यांचा गोठा

आपला निफाड तालुका द्राक्षांचा, कांद्याचा आणि उसाचा. दाट उसात बिबट्याची मादी पिल्ले घालते. रात्री बिबट्या शेळी-कुत्र्याच्या शोधात वस्तीवर येतो. बंद जागेत शिरला तर एकीवर थांबत नाही, तीन-चार शेळ्या मारतो. गरिबाच्या घरी शेळ्या म्हणजे बँकच. बँकेला तिजोरी लागते, तसा शेळ्यांना पक्का गोठा हवा.

जागा. गोठा उंचवट्यावर बांधावा. घरापासून जवळ, उसापासून लांब. पावसाचे पाणी आत येता कामा नये. गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. मग दुपारनंतरचे ऊन मुख्यतः आखूड भिंतीवर येते. जमीन मुरमाची व जराशी उतरती करावी, म्हणजे मूत वाहून जाते. ओलीत उभे राहून शेळीचे खूर सडतात.

माप. मोठ्या शेळीला छपराखाली 12 चौरस फूट जागा लागते. शेळ्या दहा असतील तर 120 चौरस फूट. म्हणजे 12 फूट लांब आणि 10 फूट रुंद. फिरायला मोकळे अंगण याच्या दुप्पट ठेवावे. बोकड वेगळा बांधावा. गाभण शेळीला आणि करडांना निराळा कप्पा करावा.

भिंत व जाळी. न्यूझीलंड देशात लोक मोठी हरणे पाळतात. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने हरीण पाळता येत नाही. तिकडे कुंपण माणसाहून उंच घालतात, ते हरीण बाहेर जाऊ नये म्हणून. आपले काम उलटे आहे. बिबट्या आत येऊ नये, हे आपल्याला पाहायचे. तो झाडावर चढतो, कुंपणावरून उडी मारतो. म्हणून वर उघडे असलेले कुंपण रात्री कामाचे नाही. खाली तीन फूट भिंत घाला. तिच्यावर थेट छपरापर्यंत लोखंडी जाळी लावा. जाळीतून बिबट्याचा पंजा आत जाता कामा नये. छपराचे पत्रे नुसते दगड ठेवून दाबू नका, बोल्टने घट्ट आवळा. दार लोखंडी करा, बाहेरून कडी घाला.

थंडी व रोग. निफाडची थंडी सगळ्यांना ठाऊक आहे. थंडीत जाळीवर गोणपाट सोडा, पण वरून हवा खेळू द्या. करडांखाली कोरडा भुसा पसरा. गव्हाण जमिनीपासून उंच हवी. पायदळी पडलेला चारा शेळी खात नाही. नवी शेळी विकत आणली की दोन-तीन आठवडे निराळी ठेवा. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचून घ्या. दाराशी एक अरुंद वाट ठेवली, तर शेळ्या एकेक करून पुढे येतात. धावाधाव होत नाही.

नुकसान झाले तर? मेलेली शेळी हलवू नका. 48 तासांच्या आत वनखात्याला कळवा. पंचनामा झाला तरच भरपाई मिळते. अर्ज स्वतः वाचा आणि मगच सही करा. अक्षर शिकलो ते यासाठीच.

सांगा पाहू
1. नुसते उंच कुंपण का पुरत नाही?
2. पंधरा शेळ्यांना छपराखाली किती जागा लागेल?
3. बिबट्याने शेळी मारली तर आधी काय कराल?
4. आपल्या गोठ्याचे माप घ्या व वहीत लिहा.