"बरं वाटतंय" म्हणाला, तरी नाडी बघ

अगं, सर्जिकल वॉर्डात तुझी पहिलीच नाइट आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते. पोटदुखीचा पेशंट "सिस्टर, आता बरं वाटतंय" म्हणाला की आपल्यालाही हायसं वाटतं. पण अपेंडिक्सचा संशय असलेल्याचं दुखणं इंजेक्शनशिवाय एकाएकी थांबलं, तर अपेंडिक्स फुटलेलंही असू शकतं. मग काही तासांत सगळं पोट दुखायला लागतं. मधल्या वेळात चेहरा शांत, पण नाडी पळत असते. ८८, मग ११०, मग १२४ अशी चढताना दिसली की ऑन कॉल डॉक्टरांना खुशाल उठव. झोपमोडीचा विचार करू नकोस.

पेशंट खाटेवर कसा पडलाय, तेही बघत जा. मुतखड्याचा माणूस तळमळतो, एका कुशीवर ठरत नाही. अल्सर फुटलेला निपचित पडून असतो, खोकायलाही घाबरतो. पोट फळीसारखं कडक लागतं. यातले कितीतरी जण गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेत असतात. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही गं.

बाई असेल तर शेवटची पाळी कधी आली ते विचार, आणि सासूला बाहेर पाठवून विचार. पोटदुखीबरोबर चक्कर येते, खांदा दुखतो म्हणाली, तर नळीतला गर्भ फुटून आत रक्तस्राव होत असेल. तिथे मिनिटही दवडायचं नाही. पन्नाशीपुढच्या माणसाचं पोट वरच्या बाजूला दुखत असेल तर ईसीजी हवाच, हार्ट अटॅकही असाच येतो.

तोंडावाटे काही नाही, पाण्याचा घोटही नाही. नातेवाईक माया म्हणून चहा पाजतात, त्यांना नीट समजावून सांग. शेकायची पिशवी नको, ऑर्डरशिवाय एनिमा नको. घरून एरंडेल पाजून आणलंय का, तेही विचार. हिरवा, १८ नंबरचा कॅन्युला लाव. कॅथेटर असेल तर लघवी दर तासाला मोज, ३० मिलिच्या खाली गेली की कळव.

सर्जन येईपर्यंत दुखण्याचं इंजेक्शन द्यायचं नाही, हा जुना शिरस्ता आता मागे पडलाय. इंजेक्शन दिल्यानं निदान चुकत नाही, हे अभ्यासांत दिसलंय. डॉक्टरांकडे तशी ऑर्डर माग. माणसाला कळवळत ठेवणं मला मुळीच पटत नाही.

आणि चार्टवर मागचा आकडा बघून पुढचा भरू नकोस. मनगट हातात घे, पूर्ण मिनिटभर मोज, मगच लिही.