संध्याकाळी सहाची गोळी

बयो, कालच्या फोनवर तू हळूच विचारलंस, "ताई, ही गोळी उंदीर मारायच्या औषधातली आहे म्हणे, खरं का?" म्हणजे कुणीतरी तुझ्या कानावर घातलंच. घालणारच होतं. आणि खरं सांगू, ते अगदीच खोटं नाही. १९२०च्या दशकात अमेरिका-कॅनडात बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्तस्राव होऊन मरायची. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत त्यामागचं द्रव्य सापडलं, त्यावरून पुढे वॉरफरिन तयार झालं. १९४८ मध्ये ते उंदरांसाठी बाजारात आलं, १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झालं, आणि दुसऱ्याच वर्षी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर तेच दिलं गेलं. तुझी ही गोळी, अॅसिट्रॉम, त्याच घराण्यातली. पुन्हा कुणी उंदीर काढला, तर आयझेनहॉवरचं नाव सांग आणि चहा टाक.

या गोळीची भीती बाळगू नकोस, पण तिला सर्दीच्या गोळीसारखं वागवूही नकोस. तुझ्या हृदयातली मायट्रल झडप धातूची आहे, आणि धातूवर रक्त गोठायला बघतं. गुठळी झाली तर झडप अडकते, नाहीतर ती गुठळी सुटून मेंदूकडे जाते. गोळी न घेणाऱ्या माणसाचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, १ च्या आसपास असतो, तुझा २.५ ते ३.५ मध्ये हवा. त्याखाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची. म्हणून तर त्या तपासणीसाठी सारखं बोट नाहीतर हात पुढे करायचा. कंटाळा येणार, मला माहीत आहे. तरी जायचं.

गोळी संध्याकाळी सहालाच का, असं तू डॉक्टरांना विचारलं नसशील. सकाळी रक्त दिलं की दुपारपर्यंत रिपोर्ट येतो, आणि मात्रा बदलायची असेल तर त्याच दिवशीची बदलता येते. बदललेल्या मात्रेचा पूर्ण असर दिसायला दोन-तीन दिवस जातात, त्यामुळे आकडा बघून स्वतःच अर्धी वाढव, पाव कमी कर असलं काही करायचं नाही. एखाद्या दिवशी विसरलीस आणि झोपायच्या आधी आठवलं, तर घे. दुसऱ्या दिवशी आठवलं, तर चुकलेली सोडून दे, वहीत लिही आणि तपासणीला गेल्यावर सांग. दोन एकदम गिळायच्या नाहीत, कितीही अपराधी वाटलं तरी.

एक बारीक गोष्ट. या गोळ्या १, २, ३, ४ मिलिग्रॅमच्या मिळतात. मेडिकलवाला कात्रीने पट्टी कापून देतो, तेव्हा नेमका आकड्याचा तुकडा त्याच्याकडेच राहतो. तुला सोमवारी २ आणि मंगळवारी ३ अशी आलटून पालटून दिली आहे ना? मग कापलेली पट्टी घेऊच नकोस, अख्खी घे, आणि दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत ठेव. काउंटरवरच आकडा वाच. मागे रांग असली तरी वाच.

आता पालेभाजीचं. तुझ्या सासूबाईंनी मेथी, पालक, शेपू घरातून हद्दपार केल्याचं कळलं. प्रेमापोटी केलंय, पण गरज नव्हती. पालेभाजीत व्हिटॅमिन के असतं आणि गोळी त्याच्याच कामात अडथळा आणते, एवढं खरं. म्हणून भाजी बंद करायची नसते, तिचं प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखं ठेवायचं असतं. दोन दिवसांआड वाटीभर मेथी चालते. आठ दिवस काहीच नाही आणि मग कुणाच्या सांगण्यावरून रोज पेलाभर पालकाचा रस, हे चालत नाही. नवरात्राचे नऊ उपासही विचारल्याशिवाय नकोत. जेवण तुटलं की आकडा वर जातो. जुलाब, ताप, चार दिवस पोटात अन्न नाही, तेव्हाही तसंच, म्हणून अशा आजारपणानंतर तपासणी लवकर करून घे.

पण खरं सांगायचं तर मला मेथीची धास्ती नाही, तुझ्या पर्समधल्या गोळ्यांची आहे. पाळीत पोट दुखलं की तू मेफ्टाल घेतेस, लग्नाआधीपासून. ती आता बंद. त्यातलं मेफेनॅमिक अॅसिड, कॉम्बिफ्लॅममधलं आयब्युप्रोफेन, डिस्प्रिनमधलं अॅस्पिरिन, सगळी पोटातून रक्तस्राव व्हायचा धोका वाढवतात. (काही झडपवाल्यांना डॉक्टर मुद्दाम थोडं अॅस्पिरिन देतात. ते त्यांचं त्यांना ठाऊक, आपण आपलं घ्यायचं नाही.) दुखलंच तर साधं पॅरासिटामॉल, तेही दिवसचे दिवस नाही. गरम पाण्याची पिशवी आहेच. पोट बिघडलं की घरोघरी मेट्रोजिल घेतात, अंगावरून पांढरं जातंय म्हणून फ्लुकोनॅझोल घेतात. दोन्हींनी आयएनआर झपाट्याने चढतो. तोंड आलं म्हणून लावायची मायकोनॅझोलची जेलसुद्धा त्यातलीच. उलट टीबीचं रिफॅम्पिसिन तो खाली ओढतं. ही सगळी नावं तुला लक्षात ठेवता येणार नाहीत, मलाही येत नाहीत. म्हणून कुठल्याही दवाखान्यात गेलीस की बसायच्या आधी सांगायचं, "मला धातूची झडप आहे, अॅसिट्रॉम चालू आहे." दाताच्या डॉक्टरांनाही. ते काम सुरू करण्याआधी अँटिबायोटिक देतील, पण गोळी आपल्या मनाने बंद करून जायचं नाही. आणि "आयुर्वेदिक आहे, काही होत नाही" म्हणून दिलेलं चूर्णसुद्धा आधी दाखवायचं.

कंबरेत इंजेक्शन घ्यायचं नाही, आत रक्त साठतं. पण तुझं संधिवाताच्या तापाचं पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू आहे ना, ते या नियमाचा आधार घेऊन परस्पर बंद करू नकोस. त्याचं काय करायचं, ते हृदयाचे डॉक्टर ठरवतील.

आता आईसमोर बोलता येत नाही ते. तुला मूल हवं आहे, मला माहीत आहे. होऊ शकतं. पण आधी सांगून, ठरवून. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ही गोळी बाळाच्या नाकाच्या नि हाडांच्या घडणीला बाधू शकते, त्यामुळे डॉक्टर त्या काळात मात्रा बघून कधी हेपॅरिनच्या इंजेक्शनवर आणतात. पाळी चुकली तर त्याच दिवशी तपास आणि लगेच कळव. घाबरून गोळी मात्र थांबवू नकोस, गरोदरपणात गुठळीचा धोका आणखी वाढलेला असतो. तोवर गर्भनिरोधक म्हणून इस्ट्रोजेनच्या गोळ्या नकोत, त्यांनीही गुठळीचा धोका वाढतो. स्त्रीरोगतज्ज्ञ दुसरा उपाय सांगतील. नवऱ्याला सोबत ने, बाहेर बसवू नकोस.

हिरड्यातून थोडं रक्त आलं, दंडावर निळा डाग दिसला तर फोन करून विचार. पण शौचाला डांबरासारखी काळी झाली, लघवी लाल झाली, तासाला एक पॅड भिजायला लागलं, डोकं कधी नव्हे एवढं दुखलं किंवा आपटलं, मग बाहेर खरचटलेलंही नसू दे, तर सरळ हॉस्पिटल. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली तरी तेच. आणि रात्री ऐकू येणारी ती झडपेची टिकटिक अचानक मंद झाली आणि दम लागायला लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. त्या टिकटिकीने तुझी झोपमोड होते म्हणालीस, पण ती ऐकू येते हेच बरं आहे बाई.

शुक्रवारी तपासणी आहे ना? रिपोर्टचा फोटो पाठव, वहीच्या पानासकट. आणि पर्समधली मेफ्टालची पट्टी शेजारच्या काकूंना देऊ नकोस हं, त्यांना बीपी आहे. कचऱ्यात टाक.